अडतीस नंबरचे दोघे

कॅलीने ती फिल्म शुक्रवारी दुपारी पाहिली होती, एकदा नव्हे, एकोणीसदा. शनिवारी सकाळी नऊ वाजता ती घरच्या मंडपात उकडलेल्या शेंगांचं पातेलं धरून उभी होती, आणि हे आधी कुणाला सांगावं ते अजून तिचं ठरत नव्हतं. आजोबांना सांगावं तर त्यांचा आजचा दिवस जायचा. आजीला सांगावं तर आजोबांची पन्नास वर्षं जायची. आणि आईला सांगावं तर मग आणखी कुणाला सांगायची गरजच उरायची नाही.

लेडबेटरांचा मंडप नेहमीच्या पिकानच्या झाडाखाली होता. अठ्ठेचाळीस सालापासून तो तिथेच ठोकला जातो, आणि त्या जागेत दुसऱ्या कुणी खुंटी मारली तर बेलफोर्टमध्ये त्याच्या घरी मुलगी देताना लोक विचार करतात. स्टेडियमपर्यंतच्या सगळ्या हिरवळीवर हिरवे शर्ट आणि नाकाखाली चिकटवलेल्या दोरीच्या मिशा दिसत होत्या. बेलफोर्ट स्टेटचं दैवत म्हणजे मडकॅट, नदीतला मिशाळ मासा. त्याच्या नावाने घसा फाटेस्तोवर ओरडायचं आणि त्यालाच मक्याच्या पिठात घोळवून तळून खायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

यंदा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलला शंभर वर्षं होत होती आणि त्यानिमित्त इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघणार होतं. ते काम कॅलीच्या गळ्यात आलं होतं. वर्षभर तिने कागद उपसले. एकतीस सालचा संघ, ज्यातले अकराच्या अकरा गडी एकाच लाकडाच्या गिरणीतले होते आणि जो हंगामभर कुणाकडून हरला नाही. त्रेपन्न सालचा संघ, जो हंगामभर कुणाला हरवू शकला नाही. बासष्टचा चिखलातला शून्य-शून्य सामना, ज्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये पंचांनाच चेंडू सापडेना. आणि मग चौऱ्याहत्तर. बेलफोर्टमध्ये नुसतं ‘चौऱ्याहत्तर’ म्हटलं तरी पुरतं. विद्यापीठाने विभागाचं अजिंक्यपद जिंकलं ते तेवढं एकदाच. समोर कॅल्डर टेक, चौदा-दहाने पुढे. शेवटचं एक मिनिट उरलेलं. आणि अडतीस नंबरचा कोय लेडबेटर मुरगळलेल्या घोट्यानिशी चेंडू घेऊन एकाहत्तर यार्ड धावला आणि शेवटच्या रेषेपार टचडाउन करून आला. तो कॅलीचा आजोबा.

आज पुन्हा टेकशीच सामना होता. हाफटाइमला कोय लेडबेटरचं नाव स्टेडियमच्या भिंतीवर लागणार होतं आणि अडतीस नंबर कायमचा निवृत्त होणार होता. त्यापुढे तो आकडा बेलफोर्टच्या कुठल्याही पोराच्या पाठीवर दिसणार नव्हता.

शेवटी कॅली बापाकडे गेली. ग्लेन टेकचा माजी विद्यार्थी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी टेकशी सामना असला की मंडपाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी टेकच्या जांभळ्या रंगाचा तीन फुटांचा गालिचा अंथरतात आणि त्याने त्यावरच उभं राहायचं असतं. या प्रकरणात काही गमवायचं नसलेला घरातला तो एकटाच माणूस होता.

“बाबा, हे बघा. पण आवाज न करता बघा.”

ग्लेनने फोन हातात घेतला. “हे तर आमचं रडगाणं. ही कुठली फिल्म? नेहमीची नाही वाटत.”

“नेहमीची आपल्या बाजूने काढलेली. ही तुमच्या टेकच्या बाजूने काढली आहे. तिथल्या जुन्या प्रशिक्षकांच्या गॅरेजमध्ये डब्यात होती. यात बेलफोर्टचा बाक दिसतो. आता थांबवते. हा कोण धावतोय?”

“अडतीस. तुझे आजोबा.”

“आणि हा बाकापाशी एका पायावर उड्या मारतोय तो?”

ग्लेनने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाशी नेला. बाकापाशी हेल्मेट काढलेला एक पोरगा होता. छातीवर अडतीस, घोट्याला बर्फाची पिशवी बांधलेली. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या दारांसारखे कान. असे कान त्या अख्ख्या जिल्ह्यात एकाच घराण्यात होते आणि दुर्दैवाने त्यातला एक जोड कॅलीलाही मिळाला होता.

“अरे देवा,” ग्लेन म्हणाला. “अडतीस नंबरचे दोघे.”

“हळू!”

“सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं दर सणाला मी त्या धावण्याची गोष्ट ऐकतोय. जेवताना ऐकतोय. माझ्या स्वतःच्या लग्नात ऐकली. आणि सासरेबुवा बाकावर होते?” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं.

हे पाणी रोंडाने मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं. कोयची लेक, कॅलीची आई. हाफटाइमसाठी चाळीस शर्ट छापून घेतलेली, अडतीसच्या आकाराचा केक सांगितलेली, वर्तमानपत्रवाल्याला दोनदा फोन केलेली रोंडा. टेकचा माणूस बेलफोर्टच्या मंडपात खूश दिसतो म्हणजे काहीतरी वाईट झालंय, एवढं तिला कळत होतं. ती आली, तिने फोन हिसकावला आणि पाहिला. 

“ही फिल्म आजच कशी सापडली?”

“काल सापडली, आई.”

“सोमवारी सापडली असती तर काय बिघडलं असतं?”

“सोमवारी पुस्तक छापायला जातं.”

“मग मंगळवारी सापडू दे.”

“आई, मी इतिहास लिहितेय.”

“इतिहास लिही की! नको कोण म्हणतंय? आपल्या घरचा तेवढा सोडून लिही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ग्लेन, तू गालिच्यावर उभा राहा आणि तोंड मिटून राहा.”

“मी काही बोललोच नाही.”

“तू आनंदी दिसतोयस. तेवढं पुरे झालं.”

“पण मग धावलं कोण?” कॅली म्हणाली. हा प्रश्न मात्र रोंडालाही अडवता आला नाही. तिघांनी एकदम मंडपामागे पाहिलं. तिथे रॉइस पेटस मोठ्या कढईत मासे तळत होता. रोंडाचा मामा. चौऱ्याहत्तरच्या संघातला बावीस नंबर, कोयचा जिवलग मित्र आणि नंतर साला. गावात चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला, आणि कुठल्याही समारंभात तळणीपाशीच सापडणारा माणूस.

*

रॉइसने हात पुसले, फोन लांब धरला आणि पाहिलं. नेहमीच्या जुन्या फिल्ममध्ये गडी शेंगदाण्याएवढे दिसत. इथे तो स्पष्ट दिसत होता, गुडघे वर, डावं कोपर बाहेर. बहात्तराव्या वर्षी तो पहिल्यांदाच स्वतःला नीट धावताना बघत होता आणि त्याला ते फार आवडलं. आवडलं याचीच त्याला लाज वाटली.

“बंद कर ते,” तो म्हणाला. “तेल तापलंय.”

“रॉइसमामा, तो तूच ना?” रोंडाने विचारलं.

“जर्सी फाटली होती.”

“म्हणजे?”

“तेव्हा आमच्या जर्सी मुद्दाम विरविरीत कापडाच्या असायच्या. धरणाऱ्याच्या हातात चिंधी यायची आणि आपण सुटायचो. नंतर बंद केल्या त्या. त्या दिवशी माझ्या चार फाटल्या. बावीस नंबरची पाचवी जर्सीच नव्हती. कोय घोटा धरून बसला होता, त्याची एक पेटीत उरलेली. सामानवाल्याने ती माझ्या डोक्यातून घातली आणि ढकललं मैदानात. वर बसलेला गुण नोंदणारा चेहरे कुठे बघतो? तो नंबर बघतो. रेडिओवाल्यानेही तेच केलं.”

“आणि नंतर? तू सांगितलं का नाहीस?”

“मी पलीकडच्या टोकाला पालथा पडून ओकत होतो. लोक मैदानात घुसले, त्यांना जवळ सापडला तो अडतीस त्यांनी खांद्यावर घेतला. स्वच्छ होता, हलका होता. मी पोचेपर्यंत तो दरवाज्याबाहेर गेला होता.” रॉइसने एक मासा उलटला. “संध्याकाळी तो माझ्याकडे आला सांगायला, की उद्या वर्तमानपत्रात खरं छापून आणू. खरंच आला होता, हे लक्षात ठेव. पण तासाभरापूर्वीच नदीनने त्याला लग्नाला होकार दिला होता. माझ्या बहिणीने. मी म्हटलं, गप्प राहा, लेका. लग्न होऊ दे, मग बघू.”

“मग?”

“मग लग्न झालं. मग तू झालीस. मग त्याने टायरचं दुकान काढलं आणि नाव ठेवलं ‘अडतीस’. त्याच्यापुढे काय बोलणार?”

“आयत्या बिळावर नागोबा,” ग्लेन पुटपुटला. तो गालिचा सोडून इथवर आला होता आणि आज त्याला कुणी परत पाठवलं नाही.

“ए जांभळ्या, त्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तू नाही.” रॉइसने फोन कॅलीच्या हातात दिला. “पोरी, त्याच डब्यात घालून ठेव ती फिल्म. मला काही कमी पडलेलं नाही. पन्नास वर्षं पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना तीच गोष्ट त्याला सांगावी लागली. मी आपलं सुखाने जेवलो.”

तो हसला, पण कढईकडे बघत हसला. कॅलीच्या ते लक्षात आलं.

“कसली फिल्म?” मागून आवाज आला.

नवा हिरवा कोट, त्याला शोभेल असा टाय, छातीवर पिवळं फूल. हातात भाषणाचा कागद. कोय लेडबेटर नवरदेवासारखा सजून उभा होता.

*

कोयने फिल्म पाहिली, एकदाच. मग तो शीतपेटीच्या झाकणावर बसला. कोट चुरगळेल म्हणून रोंडा ओरडली ते त्याला ऐकू आलं नाही.

तो गेली पन्नास वर्षं या दिवसाची वाट बघत होता आणि हा दिवस येऊ नये म्हणून प्रार्थनाही करत होता. टायर विकताना त्याने कधी कुणाला फसवलं नाही. पण गिऱ्हाईक दुकानात शिरता शिरता म्हणायचं, “तो तूच ना?” आणि तो म्हणायचा, “फार दिवस झाले त्याला.” हे काही खोटं नव्हतं. असं खोटं न बोलता त्याने अर्धं शतक काढलं होतं.

“डॅडी, काही झालेलं नाही,” रोंडा म्हणाली. “कॅली गप्प बसणार आहे. ग्लेनला मी बघते.”

“मी गप्प बसेन असं म्हटलेलं नाही,” कॅली म्हणाली. “आजोबा, तुम्ही सांगाल ते पुस्तकात लिहीन. पण तुमच्या तोंडून ऐकून.”

“रॉइस, तू काय म्हणतोस?”

“मासे करपतायत, असं म्हणतो.”

“तुला कधी वाटलं नाही का रे, की…”

“आता कशाला उकरतोस? कोट छान दिसतोय तुला. जा, फोटो काढ.”

कोय उठला. “नदीन कुठे आहे?”

“डॅडी, नको!” रोंडा म्हणाली. “आज नको. आईला आज तरी नको. केकवर तिने स्वतः नंबर काढलाय.”

पण तो निघाला होता. वाटेत तिघांनी त्याला थांबवून हात मिळवले आणि एकाने पोराला कडेवर उचलून दाखवलं की हा बघ तो. कोयने पोराच्या गालाला हात लावला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नदीन ट्रकच्या मागच्या फळीवर बसून अंडी सोलत होती.

“नदीन, तुला एक सांगायचंय.”

“टाय वाकडा आहे तुझा. इकडे ये.”

“टाय राहू दे. ते चौऱ्याहत्तरचं. तो मी नव्हतो. रॉइस होता. माझी जर्सी घालून. मी बाकावर बसलो होतो घोट्याला बर्फ लावून.” एका दमात सांगून तो तिच्या हातातल्या अंड्याकडे बघत राहिला. ती आता ते फेकून मारेल असं त्याला वाटत होतं.

नदीनने अंडं सोलून पुरं केलं.

“कोय, रॉइस चालायला लागला तेव्हापासून मी त्याच्यामागे धावलेय. आमच्या अंगणात, कोंबड्यांमागे, बेल्ट घेतलेल्या बापापुढे. माझा भाऊ धावताना मला ओळखू येणार नाही? त्याचं कोपर बाहेर गेलं तेव्हाच मी ओरडले, रॉइस, पळ!”

“तुला माहीत होतं?”

“त्या क्षणापासून.”

“मग मला होकार कशाला दिलास?”

आता नदीनने खरंच अंडं खाली ठेवलं. “थांब जरा. तुला वाटतं मी त्या धावण्याला होकार दिला?”

“त्याच संध्याकाळी दिलास ना!”

“विचारलंस कधी तू? गुरुवारी. आमचा ट्रक चर्चबाहेर चिखलात रुतला होता. तू नवी पाटलोण घालून तो ढकललास, तोंडावर पडलास, आणि माझी आई समोर होती म्हणून शिवी गिळलीस. शिवी गिळताना तुझे कान लालबुंद झाले होते. मी शुक्रवारीच ठरवलं. शनिवारी सामना होता म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. तू हरला असतास तरी तेच सांगितलं असतं. उलट जरा लवकर सांगितलं असतं, तेवढंच तुला बरं वाटलं असतं.”

कोय तिच्याशेजारी फळीवर बसला. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या टचडाउनवर आपला संसार उभा आहे असं समजून तो जगला होता, आणि ते टचडाउन त्या संसाराचा पाया नव्हतंच. त्याला हसू यायला लागलं.

“हसू नकोस,” नदीन म्हणाली. आता तिचा आवाज निराळा होता. “मला तुझा राग आहे, कोय. आणि माझाही आहे. आईला कुणी सांगितलं नाही. ती जाईपर्यंत सगळ्या चर्चला सांगत होती, माझा जावई धावला, माझा जावई धावला. आणि तिचा स्वतःचा मुलगा शेजारी बसून तिची पर्स धरायचा. मी समोर असायचे. एकदा, फक्त एकदा मी म्हणायला हवं होतं, आई, तो तुझा रॉइस होता. तुझी लाज जाईल म्हणून गप्प बसले. ती गेली तेव्हा मला पहिलं तेच आठवलं.”

कोयने खिशातून भाषणाचा कागद काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि अंड्यांच्या टरफलांत टाकले. नदीनने त्याचा टाय सरळ केला.

*

हाफटाइमला बेलफोर्ट सात गुणांनी मागे होतं, त्यामुळे लोकांना चौऱ्याहत्तरची फारच गरज होती. तीस हजार माणसं उभी राहिली. भिंतीवरचा हिरवा पडदा दूर झाला. कोय मैदानाच्या मध्यावर गेला आणि काचेच्या चौकटीतली जर्सी काखेत घेऊन माइकसमोर उभा राहिला. चाळिसाव्या रांगेत रॉइस, नदीन, रोंडा आणि कॅली ओळीने बसले होते. रोंडाने डोळे मिटून घेतले होते.

“मित्रांनो,” कोय म्हणाला. “त्या दिवशी जो धावला तो मी नव्हतो.”

 मग कुठेतरी कुणीतरी हसलं.

“खरं सांगतोय. माझा साला धावला, रॉइस पेटस. मी बाकावर बर्फ लावून बसलो होतो.”

आता अख्खी एक बाजू हसायला लागली. टाळ्या सुरू झाल्या.

“अहो, हसताय काय! त्याची जर्सी फाटली म्हणून त्याने माझी घातली! हा नंबर माझा आहे, पण धावला तो!”

“ऐकलंत?” निवेदकाचा आवाज घुमला. “इतक्या वर्षांनीही सगळं श्रेय घरच्यांना! हाच तर आपला कोय लेडबेटर!” आणि त्याने बँडला खूण केली. शंभर भोंगे एकदम वाजले. कोयचे ओठ हलत होते, हात हलत होते, तो रॉइसच्या दिशेने बोट दाखवत होता. लोकांना वाटलं तो नाचतोय, आणि तेही नाचायला लागले.

तो वर आला तेव्हा घामाने कोट भिजला होता. “ऐकेनात! पन्नास वर्षं मी हे सांगायला घाबरलो. सांगितलं तर कुणी विश्वासच ठेवेना!”

रॉइस एवढा हसत होता की त्याला खोकला लागला. “तुझ्या तोंडावर प्रामाणिकपणा शोभत नाही रे, म्हणून.”

“तू हसतोस काय! मी भिंतीवरून नाव खरवडून काढीन.”

“राहू दे ते. सांगितलंस, मी ऐकलं. झालं.”

“पुस्तकात मी लिहिणार आहे,” कॅली म्हणाली.

“लिही. लोक म्हणतील, नातीनेही विनय घेतलाय आजोबांचा.” रॉइसने डोळे पुसले. मग तो मैदानाकडे बघत बसला आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं. नदीनने त्याचा हात धरला.  ज्या बाईला ते कळायला हवं होतं ती नव्हती, आणि बाकीच्या तीस हजारांनी एक नंबर पाहिला होता.

तेवढ्यात खालून पायऱ्यांवर आरडाओरडा झाला. हिरव्या गर्दीतून दोन जांभळ्या टोप्या वर येत होत्या. पुढे ग्लेन होता. सामन्याला तो नेहमीप्रमाणे टेकच्या बाजूला बसला होता, आणि आता एका धिप्पाड, काठीवर चालणाऱ्या म्हाताऱ्याला हाताला धरून शत्रूच्या चाळिसाव्या रांगेत आणत होता. लोक शेंगांची टरफलं मारत होते.

“रोंडा, ओरडू नकोस,” ग्लेन धापा टाकत म्हणाला. “हे माझ्या पुढच्या रांगेत होते. कोयसाहेब माइकवर बोलले तसे हे उभे राहिले आणि ओरडायला लागले, मी सांगत होतो, मी सांगत होतो! लोकांनी धरून बसवलं त्यांना. हे डेल्बर्ट मेबरी. चौऱ्याहत्तरला टेकचे शेवटचे बचावपटू. फिल्ममध्ये चुकीच्या बाजूला झेपावतो तो गडी.”

“ते सांगायची काही गरज नव्हती,” म्हातारा म्हणाला. त्याने कोयकडे पाहिलंही नाही. तो सरळ रॉइससमोर जाऊन उभा राहिला आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागला. 

“तू,” तो म्हणाला. “तूच तो.”



“मी त्या आठवड्यात लेडबेटरच्या चार फिल्म पाहिल्या होत्या. लेडबेटर समोर माणूस दिसला की उजवीकडे वळतो. दर वेळी. झोपेतही वळला असता. तू आलास, छातीवर अडतीस. मी तुझ्या उजवीकडे उडी घेतली आणि तू डावीकडून गेलास. माझ्या प्रशिक्षकाला म्हटलं, तो लेडबेटर नव्हता. बापाला म्हटलं. बायकोला म्हटलं, पोरांना म्हटलं. सगळे म्हणाले, डेल्बर्ट, हरलास ते हरलास, आता सबबी सांगू नकोस. पन्नास वर्षं माझ्या घरात मला कुणी काही शोधायला सांगत नाही. म्हणतात, हा चुकीच्याच बाजूला बघेल.”

“म्हणजे,” कोय हळूच म्हणाला, “मी उजवीकडे वळत असे म्हणूनच तर…”

“झालं!” रॉइस म्हणाला. “पन्नास वर्षं आख्खं खाल्लंस, आता खरवडही माग!”

“कोय, गप्प बस,” नदीन म्हणाली.

“पण तू मला पाहिलंस?” रॉइसने म्हाताऱ्याला विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. “हेल्मेट होतं. चेहरा दिसला तुला?”

“इथून दिसतोय तसा. दीड हातावर होतास. ओठ फुटला होता तुझा, दातांना रक्त लागलं होतं. तोंड उघडं होतं. काहीतरी ओरडत होतास माझ्या अंगावर. काय ते मला कधी कळलं नाही. शिवी दिली असशील.”

“शिवी नव्हती.”

“मग?”

रॉइसने नदीनकडे पाहिलं आणि मग पुन्हा म्हाताऱ्याकडे. “तू केवढा होतास, आठवतं का तुला? दारभर होतास. मी ‘आई’ म्हणून ओरडत होतो.”

नदीनने तोंडावर हात घेतला. ती हसत होती आणि तिच्या बोटांवरून पाणी वाहत होतं. डेल्बर्ट मेबरीही आधी हसला, मग त्याने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. रॉइसने तो धरला आणि सोडला नाही.

खाली तिसरा क्वार्टर सुरू झाला. तीस हजार माणसं ओरडत उठून उभी राहिली. रोंडाने घडी घातलेला एक हिरवा शर्ट बाकावर अंथरला, म्हणजे जांभळ्या माणसाला थंड लागू नये. कोय लेडबेटर काचेची चौकट पायाशी ठेवून सरकला, आणि त्याने मधली जागा मोकळी केली.

“बस,” रॉइस म्हणाला. “पहिल्यापासून सांग. चेंडू माझ्या हातात आला तिथून.”

म्हातारा गुडघे धरून सावकाश खाली बसला आणि सांगायला लागला. त्यातलं पाऊल न् पाऊल रॉइसला ठाऊक होतं. तरी तो कानामागे हात धरून पुढे वाकला.